भाड्याचं घर, वादळ आणि विमा : वाचकांचे प्रश्न

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेलं. माड आणि विजेचे खांब आडवे झाले, आणि कित्येक घरांत वीज यायला काही दिवस लागले. त्याच वर्षी जुलैत म्हादई आणि तिच्या उपनद्यांनी सत्तरी-डिचोलीतल्या घरांत चिखल भरला. तेव्हापासून घराच्या विम्याबद्दल येणाऱ्या पत्रांत भाडेकरूंची पत्रं वाढली आहेत. त्यांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : ताळगावात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरमालक म्हणतात, सोसायटीने इमारतीचा विमा उतरवलाय, तुम्ही वेगळा खर्च कशाला करता? खरं आहे का?

उत्तर : सोसायटीचा विमा असेल, पण तो तुमच्या उपयोगाचा नाही. त्यात भिंती, स्लॅब, जिना, लिफ्ट, पंप येतात. तुमचं कपाट, गादी, टीव्ही, पुस्तकं त्यात नाहीत. मालकाने स्वतःच्या फ्लॅटचा विमा घेतला असेल, तरी त्यातलं सामान म्हणजे त्यांच्या मालकीचं सामान.

‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी विमा नियामकाने ठरवून दिलेल्या शब्दांत 1 एप्रिल 2021 पासून बाजारात आहे. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. घराच्या इमारतीचा विमा घेणाऱ्याला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, एवढ्या सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. भाडेकरूला इमारत नकोच असते, त्याने फक्त घरातल्या सामानाचा, म्हणजे ‘होम कंटेंट्स’चा भाग घ्यायचा. एजंटला नुसतं ‘गृहविमा’ म्हटलंत तर तो कार्पेट एरिया विचारत बसतो आणि संभाषण भलतीकडे जातं. ‘भाडेकरू म्हणून, फक्त कंटेंट्स’ असं पहिल्याच वाक्यात सांगा. प्रस्तावात पत्ता लिहिताना फ्लॅट क्रमांक, मजला आणि इमारतीचं नाव भाडेकराराशी अक्षरन् अक्षर जुळवा.

रक्कम ठरवताना खोलीतल्या एका कोपऱ्यात उभं राहून घड्याळाच्या दिशेने फिरत यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे आज नवी घ्यायला लागणारी किंमत लिहा. फ्रिज बारा वर्षांचा असला तरी नव्या फ्रिजचीच किंमत धरायची. माणसं हमखास चुकतात ती स्वयंपाकघरात. टीव्ही-फ्रिज आठवतो, पण मिक्सर, ओव्हन, वॉटर फिल्टर, कुकर, तांब्या-पितळेची भांडी, वर्षाचं भरून ठेवलेलं धान्य यांची बेरीज करून पाहिली की डोळे उघडतात. कपड्यांचंही तसंच.

फ्लॅट सामानासह घेतला असेल तर मालकाचा एसी, पलंग, गिझर तुमच्या यादीत नको. या वस्तूंची वेगळी यादी भाडेकराराला जोडून दोघांनी सह्या कराव्यात. नाहीतर नुकसानीनंतर कंपनी म्हणते वस्तू मालकाची, आणि मालक म्हणतो भाडेकरूने भरून द्यावी.

एक दिलासा असा, की भारत गृह रक्षात रक्कम कमी लावली म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापत नाहीत. जुन्या धर्तीच्या इतर पॉलिसींत कापतात. 6 लाखांच्या सामानाचा 3 लाखांचा विमा काढला आणि 80 हजारांचं नुकसान झालं, तर हाती 40 हजारच येतात. म्हणून पॉलिसीचं नाव आधी वाचा.

प्रश्न : सांताक्रूझला जुन्या कौलारू घराचा अर्धा भाग भाड्याने घेतला आहे. गेल्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल आली, कपडे आणि लाकडी कपाट बुरशीने गेलं. विमा असता तर पैसे मिळाले असते का?

उत्तर : या कारणासाठी नसते मिळाले. विमा कंपनीचा पहिला प्रश्न किती नुकसान झालं हा नसतो, पाणी आलं कुठून हा असतो.

वादळाने कौलं उडाली आणि त्या भगदाडातून पाऊस आत आला, तर ते वादळाचं नुकसान, ते मिळतं. व्हाळ (ओढा) फुटला, भरतीच्या वेळी नाल्याचं पाणी उलटं फिरलं, खाजनातलं (खाडीकाठच्या सखल शेतातलं) पाणी अंगणातून उंबऱ्याआत शिरलं, तर तो पूर किंवा जलमय होणं, तेही मिळतं. वरच्या घरातली टाकी वाहिली किंवा पाइप फुटला, तर तेही पॉलिसीच्या यादीत आहे. पण चार महिने भिंत ओल पीत राहिली, फुटलेल्या कौलातून थेंब थेंब गळत राहिलं, जमिनीतून दमटपणा चढला, याला पॉलिसीच्या भाषेत ‘घटना’ म्हणत नाहीत. त्याला तारीख नसते, आणि ज्याला तारीख नाही त्याचा दावा उभा राहत नाही. ते देखभालीचं काम आहे आणि कौलारू घरात ते बहुधा मालकाकडे असतं. मे महिन्यात कौलं शाकारून घ्यायची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्या.

सीमारेषेवरचं उदाहरण नेहमी येतं. वाऱ्याच्या रात्री दोन-तीन कौलं सरकली, पाणी गादीवर पडलं. सकाळी कुणीतरी शिडी लावून कौलं सरळ केली आणि चार दिवसांनी कंपनीने नेमलेला, नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला तेव्हा छप्पर धडधाकट. मग नोंद होते ती ‘जुनी गळती’ म्हणून. कौलं बसवायलाच हवीत, पण त्याआधी आतून वर दिसणाऱ्या आभाळाचा एक फोटो आणि बाहेरून सरकलेल्या रांगेचा एक फोटो काढा. फुटलेली कौलं अंगणाच्या कडेला तशीच ठेवा.

प्रश्न : हवामान खात्याने चक्रीवादळाचा इशारा दिल्यावर ऑनलाइन विमा घेतला तर चालेल का? आणि वादळाला नाव मिळालेलं नसेल तर भरपाई नाकारतात का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, नाव लागत नाही. ताशी 62 किलोमीटरच्या वर वारा गेला की हवामान खातं त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतं आणि तेव्हा तिला नाव मिळतं. पण पॉलिसीच्या यादीत साधं वादळ, चक्रीवादळ, टायफून, हरिकेन, टोर्नॅडो सगळेच शब्द आहेत. जुलैतल्या एखाद्या बिननावाच्या झंझावाताने माड छपरावर पाडला तरी दावा तितकाच खरा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. विमा कायदा 1938 च्या कलम 64 व्हीबीप्रमाणे प्रीमियम जमा होईपर्यंत कंपनीवर जोखीम येत नाही. फॉर्म भरला, पेमेंट अडकलं आणि रात्री छप्पर उडालं, तर पॉलिसी नव्हतीच असं धरलं जातं. शिवाय संकट दारात उभं असताना नवा प्रस्ताव स्वीकारायचा की नाही हे कंपनीच्या हातात असतं. आपल्या अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन : पावसाळ्याच्या तोंडावर मे-जून आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. एप्रिलमध्ये पॉलिसी सुरू केली तर एका वर्षात दोन्ही हंगाम आणि मधला पावसाळा येतो, आणि नूतनीकरणाची तारीखही वादळाच्या आधी पडते. ऐन जूनच्या मध्यावर पॉलिसी संपणं फार गैरसोयीचं.

प्रश्न : वादळानंतर दोन दिवसांनी वीज आली आणि त्याच क्षणी फ्रिज आणि राउटर जळाले. एजंट म्हणतो मिळणार नाही. (मडगाव)

उत्तर : एजंट दुर्दैवाने बरोबर सांगतोय. शॉर्टसर्किट, जास्त दाब, आर्किंग (ठिणगी उडणं), आपोआप तापणं, विजेची गळती या कारणांनी जे उपकरण जळलं तेच उपकरण पॉलिसीतून वगळलं जातं. कारण आकाशातली वीज असलं तरी. मात्र त्या फ्रिजने पेट घेऊन शेजारचं कपाट जळालं, तर कपाटाचे पैसे मिळतात. उपकरणांच्या बिघाडाचं कव्हर वेगळं विकत मिळतं. महागड्या वस्तू जास्त असतील तर ते घ्यावं, एका जुन्या फ्रिजसाठी घेऊ नये.

वीज गेली की मेन एमसीबी खाली पाडा. आल्यावर आधी फक्त दिवे लावा, दहा-पंधरा मिनिटं ते फडफडत नाहीत ना, एकदम प्रखर होत नाहीत ना, हे पाहा, मग फ्रिज. तीन फेजची जोडणी असलेल्या इमारतीत न्यूट्रलची तार तुटली तर घरात 230 ऐवजी 400 व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो, आणि खांब पडल्यानंतरच्या दुरुस्त्यांत नेमकं हे घडतं.

आणखी एक गोष्ट. पुराच्या पाण्यात बुडालेलं वॉशिंग मशीन मेकॅनिककडे नेलं की तो कागदावर सवयीने ‘बोर्ड शॉर्ट’ असं दोन शब्दांत लिहून देतो. त्या दोन शब्दांनी पुराचा खरा दावा वगळलेल्या यादीत जाऊन पडतो. पाणी शिरून बिघाड झाला असेल तर तसंच, पाणी किती उंचीपर्यंत होतं ते धरून, लिहून घ्या. उलट जे शॉर्टनेच जळलंय ते पाण्याच्या नावावर खपवू नका. सर्व्हेअर मोटरचं झाकण उघडून गाळाची रेघ शोधतो.

प्रश्न : मुलगी फ्लोरिडात शिकते. तिच्या घरमालकाने ‘रेंटर्स इन्शुरन्स’ सक्तीचा केला आहे. तो घेतला की हरिकेनची चिंता मिटली ना?

उत्तर : नाही. इथली सवय तिथे नडते ती याच मुद्द्यावर. आपल्याकडे वादळ आणि पूर एकाच पॉलिसीत येतात. अमेरिकेतल्या रेंटर्स पॉलिसीत वारा साधारणपणे असतो, पूर नसतो. वाऱ्याने खिडकी फुटून पाऊस आत आला तर मिळेल. समुद्र रस्त्यावरून चालत तळमजल्यात आला तर नाही. त्यासाठी संघराज्य सरकारच्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमातून वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. भाडेकरूला त्यात फक्त सामानाचा विमा मिळतो, कमाल 1 लाख डॉलरपर्यंत. आणि ती बहुतेक वेळा विकत घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होते. तिथला हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, म्हणजे एप्रिलच्या अखेरीस घेतलेली बरी. वादळ जवळ आलं की तिथल्या कंपन्या नव्या पॉलिसी देणं थांबवतात.

तिला दोन ओळी तपासायला सांगा. एक, हरिकेनसाठी वेगळी, जास्तीची वजावट (नुकसानीतला स्वतः सोसायचा भाग) आहे का. दोन, घर राहण्याजोगं न राहिल्यास हॉटेल-जेवणाचा वाढीव खर्च किती दिवस मिळतो. घरमालकाने विमा सक्तीचा केला तो मुख्यतः तिच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई निघावी म्हणून. तो भाग आपल्याकडच्या सामानाच्या विम्यात आपसूक येत नाही. म्हणूनच नेटवर अमेरिकन सल्ले वाचून इथली पॉलिसी निवडू नये, आणि इथला अनुभव तिला सांगू नये.

प्रश्न : म्हापशात भाड्याच्या घरी मसाले आणि लोणची करून विकते. दोन चक्क्या, एक सीलिंग मशीन, शंभरेक बरण्या माल. हे घरसामानात धरू का?

उत्तर : धरू नका. घराची पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. धंद्याची यंत्रं आणि विक्रीचा माल तिच्यात घुसवला तर उरलेल्या दाव्यालाही फाटे फुटतात. 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या उद्योगांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे. मालाची रक्कम सरासरीवर नको, हंगामातल्या सर्वांत भरल्या दिवसावर लावा. तुमचा तो दिवस मेच्या शेवटी येतो, वादळाच्याच सुमाराला.

प्रश्न : पार्किंगमध्ये उभ्या स्कूटरवर माड पडला तर?

उत्तर : घरसामानाच्या विम्यात वाहन नाही. स्कूटरची पॉलिसी पाहा : ‘थर्ड पार्टी’ असेल तर काही नाही, स्वतःच्या नुकसानीचा भाग असेल तर वादळ, पूर, पडलेलं झाड सगळं येतं. पाण्यात बुडालेली स्कूटर चालू करून पाहू नका. इंजिनात पाणी असताना बटण दाबलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान पुराचं नाही, तुमच्या बटणाचं, असं कंपनी म्हणते.

प्रश्न : चतुर्थीला आठ-दहा दिवस गावी जातो, फ्लॅट बंद असतो. चोरी झाली तर?

उत्तर : भारत गृह रक्षात चोरी अगदी मर्यादित आहे : वादळ, पूर, आग यांसारख्या घटनेमुळे आणि तिच्यापासून 7 दिवसांच्या आत झालेली चोरी. वादळात दार मोडलं आणि दुसऱ्या रात्री टीव्ही गेला, तर मिळेल. एरवीच्या घरफोडीला वेगळं कव्हर लागतं. त्यात कुलूप तोडल्याची खूण मागतात, आणि घर किती दिवस सलग बंद राहिलेलं चालतं याची अट असते. तो आकडा कंपनीगणिक बदलतो, गावी जायच्या आधी वाचा. दागिने हवे असतील तर स्वतंत्र नोंदवावे लागतात, रक्कम मोठी असेल तर मूल्यांकनाचा दाखला जोडून. रोख रक्कम, सुटी रत्नं आणि कागदपत्रं साध्या पॉलिसीत नाहीतच.

प्रश्न : तळमजल्यावर घर आहे. पाणी शिरलंच, तर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं? शेजाऱ्यांनी सगळं साफ करून टाकलं आणि त्यांचा दावा अडकला. (डिचोली)

उत्तर : साफसफाईची घाई साहजिक आहे, आणि दावे बुडतात ते तिच्यामुळेच.

पाणी येण्याची शक्यता दिसली की सामान घरातल्या घरात वर चढवा : माळा, पलंगावर टेबल, ओट्यावर मिक्सर. मौल्यवान वस्तू नातेवाइकांकडे हलवली तर ती वाचेल, पण तिथे तिला काही झालं तर ते पॉलिसीत नाही, कारण घराबाहेर नेलेली वस्तू वगळलेली आहे. हा सौदा डोळे उघडे ठेवून करा. आम्ही लॅपटॉप हलवू, फ्रिज नाही.

पाणी आत असेल तर मीटरच्या मेन स्विचला ओल्या पायांनी हात लावू नका, वीज खात्याला कळवा. ओसरल्यावर काहीही हलवायच्या आधी दारापासून आत चालत एक सलग व्हिडिओ घ्या, मधे न थांबवता. भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ उमटलेली असते. तिच्याशेजारी मोजपट्टी उभी धरून फोटो काढा, आकडा वाचता येईल इतक्या जवळून. हा एक फोटो पुढे शंभर प्रश्नांचं उत्तर देतो : पाणी 70 सेंटीमीटर असेल तर फ्रिजचा कॉम्प्रेसर बुडणारच, आणि माळ्यावरची इस्त्री बुडाली असं लिहिलं तर पकडलं जाणारच. मग प्रत्येक उपकरणाच्या पाठीमागच्या स्टिकरचा, म्हणजे मॉडेल आणि सीरियल क्रमांकाचा फोटो. स्टिकर ओला असताना चोळू नका, अक्षरं निघून जातात.

त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल दोन्ही करा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. भरलेला फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांच्या आत गेला पाहिजे. तलाठ्याचा पंचनामा होतो तेव्हा घरात हजर राहा. तो सरकारी मदतीसाठी असतो, पण त्याची प्रत तुमच्या दाव्यालाही जोर देते. पंचनाम्यात मालकाचंच नाव पडायची सवय असते. ‘सामान भाडेकरूचे’ हे दोन शब्द आग्रहाने लिहून घ्या.

कुजणारं अन्न, भिजलेलं धान्य, घाण वास मारणाऱ्या गाद्या फोटोनंतर फेकायला हरकत नाही. गादीच्या कापडाचा लेबलसकट वीतभर तुकडा कापून पिशवीत ठेवा. उपकरणं आणि लाकडी सामान मात्र सर्व्हेअर येईपर्यंत ठेवायचंच. भंगारवाला वादळानंतर दुसऱ्याच दिवशी गल्लीत येतो, त्याला परत पाठवा. सर्व्हेअर भंगाराची किंमत भरपाईतून वजा करणार आहे, वस्तूच नसेल तर सगळंच वादात जातं.

2024 च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. सर्व्हेअर घरी आला की त्याच्या हातात यादी द्या : वस्तू, खरेदीचं वर्ष, आजची नवी किंमत, पुरावा. बिल नसेल तर बँकेचा उतारा, ऑनलाइन ऑर्डर, वॉरंटी कार्ड, अगदी वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारा टीव्हीसुद्धा चालतो. भाडेकराराची प्रत आणि पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीची पोच जवळ ठेवा. तोंडी करारावर राहणाऱ्यांचं इथेच अडतं, कारण त्या पत्त्यावर तुम्ही राहत होता हेच आधी सिद्ध करावं लागतं.

दावा नाकारला किंवा रक्कम फारच कमी दिली, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. गोवा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. नियामकाकडे तक्रार नोंदवायला ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळ आहे किंवा 155255 हा क्रमांक. नकाराचं पत्र ईमेलवर आलं असेल तर त्याची तारीख दिसेल अशी प्रत काढून ठेवा. लोकपालाकडे जायची एक वर्षाची मुदत त्या अंतिम नकारापासून मोजतात.